पलंगांची मोठी ऑर्डर आली आहे, पण नेमप्लेट लावू नका म्हणतात

कुपवाडचा फॅब्रिकेटर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचतो. आज विचारतोय, कारण येत्या सोमवारी मला हो की नाही ते कळवायचंय आणि चार रात्री झोप लागलेली नाही.

कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ड्रम, बेदाणा शेडचे रॅक, शाळांचे बाक, वसतिगृहांचे पलंग, असली कामं. १९ माणसं कामाला आहेत, त्यातली सहा वडिलांच्या वेळची. आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला पितळी नेमप्लेट असते. आमचं आडनाव आणि खाली 'कुपवाड, सांगली', बस्स. वडील म्हणायचे, वस्तू मोडली तर माणसाला कुठं यायचं ते कळलं पाहिजे.

धंदा दोन वर्षं पडलाय. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमची शेड उंचावर असल्यानं वाचली, पण ज्यांच्याकडून येणं होतं ते पेठेतले व्यापारी बुडाले, आणि त्यानंतर आमची घडी नीट बसलीच नाही. बँकेचा हप्ता महिन्याला १ लाख १५ हजार. गेल्या दिवाळीचा बोनस दोन तुकड्यांत दिला, दुसरा तुकडा तुळशीच्या लग्नानंतर.

अशात मुंबईच्या एका निर्यातदाराकडून चौकशी आली. १२०० डबल डेकर पलंग, एकेक ५५ किलोचा, पावडर कोटिंगसकट किलोला ११८ रुपये. म्हणजे साधारण ७८ लाख. आमच्या वर्षाच्या उलाढालीचा तिसरा हिस्सा एका ऑर्डरीत. नमुन्यासाठी ३ लाख ॲडव्हान्सही खात्यावर आला.

ड्रॉइंग बघितलं. चौकोनी पाइप, वर जाड पत्रा. पायाकडच्या आडव्या पाइपाला, खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही मजल्यांवर, दोन दोन कड्या. १२ मिलिमीटरच्या गजाच्या, चहूबाजूंनी वेल्डिंग. शेजारी टीप होती की एका कडीनं ४०० किलोचा ताण सोसला पाहिजे. मी वसतिगृहांचे हजारो पलंग केलेत, असली कडी कधी केली नाही. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, सामान बांधायला आहे. ट्रंक बांधायला ४०० किलोची कडी कशाला लागेल?

नमुन्याचा पलंग तयार झाला त्या दिवशी आमचा जुना फिटर सहज त्यावर आडवा झाला. त्याचे दोन्ही घोटे बरोबर त्या दोन कड्यांवर आले. तो काही बोलला नाही. उठला आणि चहाला गेला.

पुढं पॅकिंगच्या सूचना आल्या. बंदर यांगून. खोक्यांवर रंगवायचा मजकूर बर्मी लिपीत होता. माझ्या भाच्यानं मोबाइलवर त्याचं भाषांतर करून बघितलं, तर ते तुरुंग खात्याचं नाव निघालं. आणि शेवटची ओळ अशी की मालावर उत्पादकाची नेमप्लेट किंवा कोणतीही खूण नको.

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं हे मला पेपरात वाचून माहीत होतं. या आठवड्यात बसून जास्त वाचलं. राजकीय कैद्यांची मोजदाद ठेवणारी तिथली संघटना वीस हजारांवर माणसं आत असल्याचं सांगते. २०२२ च्या जुलैत यांगूनच्या इन्सेन तुरुंगात चार कार्यकर्त्यांना फाशी दिली, त्यात एक माजी खासदार होता. आणि आपल्याला मंडाले काय माहीत नाही? टिळकांनी सहा वर्षं तिथंच काढली. त्या तुरुंगाच्या भिंती दगडविटांच्या नव्हत्या, लाकडी खांबांच्या होत्या, पिंजऱ्यासारख्या. ते खांब कुणीतरी तासलेच असतील. त्या सुताराचाही हप्ता असेल, घरी पोरं असतील. मला सारखा तोच दिसतोय.

मी कुणाला पकडत नाही, मारत नाही. पलंग करून देतो. कायद्यानं बहुतेक काही आडवं येत नाही. मी नाही म्हटलं तर राजकोट किंवा लुधियानाचा कुणीतरी करील, आणि तिथल्या माणसाच्या पायात काय पडायचं ते पडेलच. इकडं मात्र माझ्या १९ घरांचं काय? जबाबदारी नेमकी कुणाबद्दलची, हे मला सांगा. जे वाटतं ते लिहा, वाईट वाटून घेणार नाही.

मार्केट यार्ड, सांगली

दादा, आधी हे सांगतो की तुम्ही विचारताय हेच मोठं आहे. मला चाळीस वर्षांत कुणी असा प्रश्न विचारलेला नाही.

पण मी करा म्हणेन. आपण जगतो त्या व्यवहाराकडं नीट बघा. आपल्या ताटात उडीद येतो तो बराचसा म्यानमारचा. २०२१ मध्ये, म्हणजे लष्कर बसल्यानंतर, आपल्या सरकारनं त्यांच्याशी करार केला, पाच वर्षं, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. मी ती डाळ विकलीय. पापड करणाऱ्या बचतगटांनी ती घेतलीय. मग दोषी कोण कोण? सरकारला चालतंय ते कुपवाडच्या एका शेडवाल्यानं का नाकारायचं?

आणि मोठ्या कंपन्या सोडून गेल्या त्यानं काय झालं तेही बघा. नॉर्वेच्या टेलिनॉरनं २०२२ मध्ये तिथला मोबाइलचा धंदा विकून टाकला. आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून. पण ग्राहकांची सगळी माहिती नव्या मालकांबरोबर लष्कराच्या हाती पडेल, अशी भीती तिथल्याच कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली. सोडून जाणं म्हणजे नेहमी भलंच होतं असं नाही.

तुमची १९ घरं तुमच्या समोर आहेत. यांगून लांब आहे. पहिली जबाबदारी समोरच्याची, असं मी मानतो. फार तर कड्या काढून द्यायचं बघा.

कागदपत्रवाली, मिरज

मी १४ वर्षं निर्यातीची कागदपत्रं करते. द्राक्षं, बेदाणा, हळद, थोडा इंजिनिअरिंगचा माल. दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील, कायदा आणि बाकीचं.

आपल्याकडं लष्करी आणि दुहेरी वापराच्या मालाची यादी आहे, तिला सगळे स्कोमेट म्हणतात. त्या यादीतलं काही पाठवायचं तर डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याचा, परवाना लागतो, आणि माल शेवटी कोण वापरणार त्याचं लेखी प्रमाणपत्र लागतं. साधा लोखंडी पलंग त्यात येत नाही, त्यामुळं तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण युरोपात २००५ पासून वेगळा कायदा आहे, छळासाठी वापरता येणाऱ्या वस्तूंच्या व्यापाराचा. बेड्या अडकवायची सोय असलेले पलंग त्या बंदीच्या यादीत आहेत. म्हणजे तुमच्या फिटरला जे आडवं पडल्यावर कळलं, ते दुसरीकडं कायद्यात लिहिलंय. आपल्याकडं लिहिलेलं नाही, एवढाच फरक.

मार्केट यार्डच्या काकांना एक सांगायचंय. उडीद तिथला शेतकरी पिकवतो आणि इथला माणूस खातो. त्यातला काही पैसा लष्कराच्या तिजोरीत जात असेल, मी नाकारत नाही. पण या पलंगाची ती कडी एकाच कामाची आहे. दोन्हीला एकाच तागडीत घालून 'सगळेच दोषी' म्हटलं की कुणीच दोषी उरत नाही. आणि कड्या काढून द्यायचा पर्यायही पोकळ आहे. खालच्या पाइपाला नंतर कडी जोडायला एक वेल्डर आणि पाच मिनिटं लागतात.

'मी नाही तर दुसरा' याबद्दल आकडे आहेत. संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारसाठीचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये अहवाल दिला. बंडानंतर सुमारे १०० कोटी डॉलरची शस्त्रं आणि ती बनवायला लागणारा माल लष्कराकडं गेला होता. रशिया, चीन, सिंगापूर, भारत आणि थायलंड इथून. भारतातून गेलेला माल ५ कोटी १० लाख डॉलरचा. त्यानंतर सिंगापूरच्या सरकारनं आपल्या कंपन्यांची चौकशी केली आणि वर्षभरात तिथून जाणारा माल ११ कोटी डॉलरवरून १ कोटीच्या आसपास आला. आता तुमचं म्हणणंही खरं ठरलं, कारण थायलंडच्या कंपन्यांनी आपला वाटा ६ कोटींवरून जवळजवळ १३ कोटींवर नेला. पण वर्षाची एकूण खरेदी ३७ कोटी ७० लाखांवरून २५ कोटी ३० लाखांवर उतरली. म्हणजे दुसरा आला, पण सगळी जागा त्याला भरता आली नाही. एक तृतीयांश माल मिळालाच नाही.

आणि मधल्या माणसाच्या शब्दाबद्दल. दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांना फोटो लावलेलं पासबुक, म्हणजे कुठं जायची मुभा आहे ते दाखवणारं ओळखपत्र, जवळ ठेवायची सक्ती होती. अमेरिकेत पोलरॉइड कंपनीत काम करणाऱ्या दोघांना, कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स यांना, १९७० साली कळलं की ते फोटो आपल्या कॅमेऱ्यानं काढले जातात. त्यांनी कारखान्यात पत्रकं लावली, आंदोलन उभं केलं, दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. कंपनीनं सरकारला माल विकणार नाही असं जाहीर केलं आणि तिथल्या वितरकाच्या हमीवर विसंबली. १९७७ मध्ये उघड झालं की वितरक औषधाच्या दुकानाच्या नावावर बिलं फाडून सरकारलाच फिल्म पुरवत होता. तेव्हा कंपनी बाहेर पडली. आपल्या देशानं तर १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता, स्वतः पारतंत्र्यात असताना.

तुमचा निर्यातदार 'सामान बांधायला' म्हणाला ना? मग त्याला लेखी मागा: शेवटचा वापरणारा कोण, कडी कशासाठी, नेमप्लेट का नको. तोंडी उत्तर घेऊ नका.

कुपवाडचा फॅब्रिकेटर

ताई, आजच तिन्ही प्रश्न मेलवर पाठवले. उत्तर तासाभरात आलं. त्यात एकाही प्रश्नाला हात लावलेला नाही. दर मात्र किलोला १३० केलाय.

वालचंदचा, सध्या जर्मनीत

मी विश्रामबागला वालचंद कॉलेजमधून मेकॅनिकल केलं. गेली नऊ वर्षं जर्मनीत थुरिंगिया प्रांतात नोकरी करतो. एरफुर्ट इथून जवळ आहे. तिथं टोफ आणि पुत्र या कंपनीची इमारत आहे, २०११ पासून तिचं स्मारक केलंय. दादा, तुमची पोस्ट वाचली आणि मला तिथला वरचा मजला आठवला.

ही कंपनी १८७८ ची. मूळ काम बिअरसाठी जव वाळवायच्या आणि भाजायच्या भट्ट्यांचं, बॉयलरचं, धुराड्यांचं. तुमच्या हळदीच्या कुकरसारखंच, शेतमालाचं. पुढं शहरांच्या स्मशानांसाठी दहनभट्ट्या करू लागले. १९३९ नंतर त्यांनी बुखेनवाल्ड आणि आउशवित्झच्या छळछावण्यांना भट्ट्या पुरवल्या. गॅसच्या कोठड्यांमधली हवा बाहेर काढायची यंत्रणाही त्यांचीच. त्यांचे इंजिनिअर छावण्यांत जाऊन बसवून देत, दुरुस्तीला जात, काम कसं चाललंय ते बघून सुधारणा सुचवत. फ्रिट्झ झांडर नावाच्या इंजिनिअरनं १९४२ मध्ये जास्त वेगानं जाळणाऱ्या भट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर ड्रॉइंगची खोली आहे. मी खिडकीपाशी उभा राहिलो तर समोर एटर्सबर्गचा डोंगर दिसतो. बुखेनवाल्डची छावणी त्या डोंगरावर होती. ड्रॉइंग बोर्डवरून मान वर केली की तो डोंगर.

मला सगळ्यात जास्त लागलं ते एवढंच की त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती. साधा व्यवहार होता, कोटेशन, ऑर्डर, बिल, थकलेल्या बिलाचा तगादा. छावण्यांचं काम त्यांच्या एकूण उलाढालीच्या दोन टक्क्यांच्या आसपास होतं. नाही म्हटलं असतं तर कारखाना बंद पडला नसता. एका भावानं, लुडविग टोफनं, युद्ध संपल्यावर आत्महत्या केली आणि चिठ्ठीत आपण निर्दोष असल्याचं लिहिलं. दुसरा भाऊ पश्चिम जर्मनीत गेला आणि पुन्हा भट्ट्यांचाच धंदा काढला. त्याला कधी शिक्षा झाली नाही.

इमारतीवर आज मोठ्या अक्षरांत त्यांच्या पत्रांच्या शेवटी असायचं ते वाक्य लिहिलंय. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर 'सदैव आपल्या सेवेत' लिहितात, अगदी तेच. एसएसला, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाला, गेलेल्या पत्रांच्या खालीही तेच असायचं.

तुमचं दोन टक्के नाही, तेहतीस टक्के आहे, हा फरक मी कमी लेखत नाही. तुम्ही टोफ आहात असंही मी म्हणत नाही. पण त्यांनी भट्टीवर कंपनीचं नाव घातलं होतं, अक्षरं ओतून. तुम्हाला नाव काढायला सांगितलंय. आपण काय घेतोय ते घेणाऱ्याला चांगलं ठाऊक आहे.

खिळे जुळवणारा, सातारा

कुपवाडकर, माझं वय ७०. १९७५ साली मी १९ वर्षांचा होतो आणि साताऱ्यात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. दोन ट्रेडल मशीनं, मालक आणि आम्ही चौघं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका.

२५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली. पंधरा दिवसांत एक वयस्कर गृहस्थ दुकानात आले, निवृत्त शिक्षक. त्यांचा मुलगा उचलून नेला होता. हातात वहीचं पान. त्यावर बारा नावं आणि वर एक ओळ: 'यांना कुठे ठेवले आहे ते घरच्यांना कळवावे.' सरकारला शिवी नाही, घोषणा नाही. ५०० प्रती हव्या होत्या. मालकांनी पान घेतलं, मला दिलं. मी जुळवायला बसलो.

संध्याकाळपर्यंत मजकूर झाला. राहिली फक्त तळाची ओळ. प्रत्येक छापील कागदावर छापखान्याचं नाव आणि गाव घालावं लागायचं, १८६७ सालचा कायदा होता. ती ओळ घालायच्या वेळी मालक जवळ येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, 'सोड.'

सोडायचं म्हणजे जुळवलेले खिळे एकेक करून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. जुळवताना हात पळतो, अक्षरं उलटी असतात, नाव म्हणून काही वाचलं जात नाही. सोडताना मात्र मी बाराही नावं वाचली. आज ५० वर्षांनी त्यातली नऊ मला पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी ते गुरुजी आले. मालक त्यांना म्हणाले, मशीन बंद आहे. आणि मागं मशीन धडधडत होतं, मीच चालवत होतो. गुरुजींनी मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पान खिशात घातलं आणि गेले. पुढं त्यांनी कार्बन घालून हातानं प्रती काढल्याचं ऐकलं.

त्याच मशीनवर आम्ही नंतर वीस कलमी कार्यक्रमाची आणि नसबंदीची भित्तीपत्रकं छापली, रात्रपाळ्या करून. दीडपट मजुरी मिळाली. त्या पैशांतून मी सायकल घेतली आणि पंधरा वर्षं वापरली. घरी सगळ्यांना तिचं कौतुक होतं. ते पैसे कुठले, हे मी बायकोलासुद्धा फार उशिरा सांगितलं.

मालकांनी छापलं नाही याचा मला राग नाही. त्यांना चार घरं बघायची होती आणि तुरुंगाची भीती खरी होती. मला आजही खुपतं ते 'मशीन बंद आहे'. 'मला भीती वाटते' असं ते म्हणाले असते, तर गुरुजींना निदान एवढं कळलं असतं की समोरच्या माणसालाही हे चुकीचं वाटतंय. खोट्या सबबीनं ते दुकानातून एकटेच बाहेर पडले.

त्याच डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरलं. मी गेलो होतो, मागं उभा होतो. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष. जयप्रकाश नारायण तेव्हा फार आजारी होते. यशवंतराव चव्हाण देशाचे परराष्ट्रमंत्री, कराड त्यांचं गाव, तेही संमेलनाला होते. आणि दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून, जयप्रकाशांचं नाव घेऊन, त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. नाव घेतलं, बघा. आम्ही जी नावं खणात टाकून दिली होती तसंच एक. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

तुम्ही नाही म्हणणार असाल तर का नाही म्हणताय ते त्या निर्यातदाराला स्पष्ट लिहा. माणसं कमी आहेत, मशीन बिघडलंय, असलं काही लिहू नका. आणि हो म्हणणार असाल, तर तुमच्या माणसांना त्या कड्या कशाच्या आहेत ते सांगून मग वेल्डिंगला बसवा.

वाळवा तालुका

माझे वडील वेल्डर होते, ३१ वर्षं. मी त्यांच्या बाजूनं लिहितो.

वर सगळ्यांनी मालकानं काय करावं ते लिहिलंय. पण ऑर्डर सोडली तर पगार कुणाचा थांबणार? आणि घेतली तर त्या कड्यांवर हात कुणाचा चालणार? दोन्ही वेळा वेल्डरचाच. मग त्याला न विचारता ठरवायचं कसं? वडिलांना एकदा एका कारखान्यात भेसळीच्या यंत्राचं काम दिलं होतं, ते कशाचं यंत्र आहे हे त्यांना वर्षानं कळलं. ते म्हणायचे, माझ्या हाताला फसवलं.

कामगाराला काय कळतं असं कुणी म्हणू नये. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात उमाशंकर पंड्या गेले. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. नोकरी होती, पोटाची ददात नव्हती, तरी मोर्चात आले. सांगा तुमच्या माणसांना. सोमवारच्या आत.

कुपवाडचा फॅब्रिकेटर

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना नमुन्याच्या पलंगापाशी बोलावलं. ड्रॉइंग दाखवलं, यांगूनचं सांगितलं, दर १३० झाल्याचंही सांगितलं. लपवलं काही नाही. फिटरमामांनी आडवं पडल्यावर काय झालं ते स्वतःच सांगितलं. त्यांना तेव्हाच उमगलं होतं, पण 'मालक अडचणीत आहेत, कशाला बोला' म्हणून गप्प राहिले. मी चार रात्री जागलो, तसे तेही जागले होते. हे मला माहीतच नव्हतं.

सगळे एका बाजूला नव्हते. एक पोरगा उघड बोलला, 'मालक, तुमच्या मनाला बरं वाटेल, पण माझ्या बहिणीची फी आहे जूनमध्ये, ती कोण भरणार?' त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी ते बनवलंही नाही. दोघं म्हणाले, कुठं जातंय ते आपण बघू नये. बाकीच्यांनी मान हलवली. शेवटी ठरवायचं मलाच होतं, ते मी त्यांच्यावर ढकललं नाही.

रात्री मेल लिहायला बसलो. पहिली ओळ हातून आपोआप आली, 'सध्या आमची तेवढी क्षमता नाही.' सातारच्या काकांचं मशीन आठवलं. ती ओळ पुसली. मग लिहिलं: या पलंगांच्या कड्या माणसाचे पाय अडकवण्यासाठी आहेत असं आम्हाला वाटतं, माल म्यानमारच्या तुरुंग खात्याकडं जाणार आहे, म्हणून आम्ही हे काम करणार नाही. खाली माझं नाव आणि 'कुपवाड, सांगली'. ॲडव्हान्सचे ३ लाख सोमवारी परत पाठवले, नमुन्याचा खर्च कापला नाही. निर्यातदाराचा फोन आला होता. म्हणाला, धंद्यात हे असलं लिहून ठेवायचं नसतं. ऑर्डर त्यानं दुसरीकडं दिली असणार.

मार्केट यार्डच्या दादांनी परवा स्वतः फोन करून तासगाव भागातल्या दोन बेदाणा शेडवाल्यांशी गाठ घालून दिली. रॅकचं ११ लाखांचं काम मिळालं. हप्ते दोन महिने निघतील. पुढचं अजून दिसत नाही.

मात्र कंत्राटावरच्या दोघांना मला पुढच्या महिन्यापासून ठेवता येणार नाही. त्यातला एक तो फीबद्दल विचारणाराच आहे. दोघंही सीओटू आणि टिग दोन्ही वेल्डिंग करतात, ड्रॉइंग वाचतात, मी चार वर्षं त्यांचं काम बघतोय. कुपवाड, मिरज किंवा पलूसकडं कुणाकडं जागा असेल तर इथंच कळवा. मी स्वतः त्यांना घेऊन येतो.